रानपिंगळ्याचे तीन पुरावे

रावेर तालुक्यात बदली झाली तेव्हा खोली शोधत मी नानांच्या ओट्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. म्हणाले, "फाटकापासून इथपर्यंत चालत आलात. काय काय दिसलं?"

मला वाटलं, म्हातारा सटकलेला आहे. पण सकाळपासून उन्हात फिरून पाय दुखत होते, म्हणून सांगून टाकलं. फाटकाची कडी गंजली आहे, पेरूला एकाच बाजूने फळं आहेत, आणि ओट्याखाली मांजर बसलंय, त्याचा डावा कान फाटलाय. नाना आत वळून म्हणाले, "पास." आतून त्यांच्या पत्नी, अक्का, किल्ली घेऊन बाहेर आल्या. माझ्याआधी आलेल्या एका बँकेतल्या साहेबांनी "घर छान आहे" असं उत्तर दिलं होतं आणि त्यांना चहाही न देता परत पाठवलं होतं, हे मला पुढे कळलं.

नानांची सगळी नोकरी वरणगावकडे, कारखान्यात तपासनीस म्हणून गेली. काडतुसाच्या पितळी नळ्या त्यांच्या टेबलावर यायच्या, ते एकेक नळी मापात घालून बघायचे. नीट बसली तर पास. जराही शंका आली तर रिजेक्ट आणि वर लाल ठिपका. निवृत्त होऊन घरी आले ते ही सवय बरोबर घेऊनच. गवारीची शेंग, दुधाची पिशवी, जावयाने आणलेली मिठाई, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. अक्का मला सांगायच्या, "लगीन झालं तवा मलेबी असंच पाह्यलं व्हतं यायनं. पास केलं का नाही, ते काही अजून सांगत नाही." यावर नाना वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

इतकं कडक कशाला राहायचं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर, बरा नग चुकून रिजेक्ट झाला तर काय होतं? पितळ परत भट्टीत जातं, नवीन नळी होते. वाईट नग चुकून पास झाला तर तो सीमेवर कुणाच्या तरी पोराच्या हातात जातो. म्हणून शंका म्हणजे रिजेक्ट." मला हे लगेच पटलं. मी आरोग्यसेविका. लशीच्या बाटलीवरचा, उष्णता लागली की काळा पडणारा चौकोन जरा काळसर दिसला तरी बाटली बाजूला काढणारी बाई. एका घरात दोन तपासनीस झाले, असं अक्का म्हणायच्या आणि कपाळाला हात लावायच्या.

निवृत्तीनंतर नानांच्या टेबलावर यायला नगच राहिले नाहीत, आणि त्या रिकाम्या जागेवर घुबडं येऊन बसली. सुरुवात कशी झाली ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. कारखान्याच्या भिंतीवर एक पिंगळा बसायचा, पाळी सुटली की तो मान फिरवून सगळ्यांना बघायचा, आणि "आपल्याला तपासणारंबी कुणी आहे" असं वाटायचं, एवढंच ते सांगत. मी राहायला गेले तेव्हा त्यांच्याकडे चौदा वह्या भरल्या होत्या. पानावर तीन रकाने. एक नजरेचा, एक आवाजाचा, एक पिसाचा नाहीतर गोळीचा. गोळी म्हणजे घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि नंतर हाडं-केस एकत्र करून तोंडावाटे टाकतं, तो गोळा. नाना या गोळ्या झाडांखालून वेचून आणत, कोमट पाण्यात भिजवत, चिमट्याने जबडे वेगळे करून कागदावर मांडत. भिजवायला अक्कांच्या स्टीलच्या वाट्या घेत. "आता पाहुन्याले चहा काय ओंजळीत देऊ?" असं अक्का विचारत, आणि नाना खरंच विचारात पडत.

तिन्ही रकाने भरले तरच पक्ष्याचं नाव लिहायचं, असा त्यांचा नियम होता. एक जरी रिकामा राहिला तरी लाल पेनाने रिजेक्ट. त्या चौदा वह्यांत निम्म्याहून जास्त पानं लाल होती, आणि त्यातली बहुतेक त्यांची स्वतःचीच निरीक्षणं होती.

मला त्यांनी शिकवलं ते गच्चीवर, दिवेलागणीला. समोरच्या कडुनिंबात पिंगळ्याची जोडी होती. मी बोट दाखवून "पिंगळा" म्हटलं की ते चिडायचे. "नाव नका सांगू. नाव कुणालाबी येतं. डोकं सांगा." डोक्यावर पांढरे ठिपके. "पोट?" तपकिरी तुटक रेघा. "पाय?" बारीक. "आता काय करतोय?" भांडतोय बायकोशी. इथे ते किंचित हसायचे आणि म्हणायचे, "हां. आता म्हणा पिंगळा." मी दोंडाईच्याची, आमच्या घरी त्याला पिंगया म्हणतात आणि तो घरावर बसून बोलला की आई अजूनही मीठ-मिरच्या उतरवते. हे ऐकून नानांनी वहीत लिहून घेतलं, पण कुठल्या रकान्यात घालावं ते न कळल्याने समासात.

गावात त्यांना लोक हसायचे आणि गरज पडली की बोलवायचे. केळीच्या पॅकिंगचं शेड चालवणारे एक चाचा एकदा संध्याकाळी घाबरेघुबरे आले. म्हणाले, "नानाभाऊ, शेडमध्ये कोई सांस लेता है. लेबर आत यायला तयार नाही. म्हणतात भूत आहे." नानांनी विचारलं, "किती जणांनी पाहिलं?" एकानेही पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. "म्हणजे एक पुरावा. एका पुराव्यावर भूत पास नाही होत." आम्ही गेलो. शेडच्या मागच्या भिंतीशी, जुन्या खोक्यांच्या थप्पीवर पांढरे ओघळ होते. खाली ताज्या काळ्या गोळ्या पडल्या होत्या. नानांनी एक पीस उचललं, गालावरून फिरवलं. अंधार पडायला लागला तसा वरून खरंच माणसाने दात आवळून श्वास सोडावा तसा आवाज आला आणि चाचांनी माझा दंड धरला. मग तुळईवर पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड दिसलं. गव्हाणी घुबड, मागे तीन पिल्लं. नाना चाचांना म्हणाले, "भूत पास. पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्यात खोके लावायचे नाहीत." चाचांनी कोपऱ्याला सुतळी बांधली आणि पिल्लं उडून जाईपर्यंत ती कुणाला सोडू दिली नाही.

तर असा हा माणूस. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

रानपिंगळा हा पिंगळ्याचाच भाऊबंद, पण दुर्मिळ. शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरून चालले होते, आणि मग सापडला तो शहाद्याकडे, आपल्याच खानदेशात. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला तो आपल्याकडेही असेल असं वाटणं साहजिक आहे. नानांना ते फार वाटायचं. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन डोंगराच्या कडेने हिंडायचे. अकरा वेळा त्यांना वाटलं होतं की दिसला. अकराही वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने ते पान लाल केलं होतं.

मला तो दिसला लसीकरणाच्या दिवशी. पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला नाल्याच्या बाजूने जुन्या झाडांची रांग होती. महू, अंजन आणि एक मोठी सलई, पानं झडून उघडी पडलेली. सकाळचे साडेदहा. लशीचा डबा पायाशी तसाच ठेवून मी स्कूटी थांबवली, कारण सलईच्या फांदीवर भर उन्हात एक बुटका पक्षी बसला होता आणि शेपटी डावी-उजवी हलवत होता. मी बघत राहिले. मग तो उडून नाल्यापलीकडे गेला. त्या दिवशी घरी आले ती चपला न काढताच ओट्यावर चढले.

"नाना, रानपिंगळा पाहिला."

"नाव नको. डोकं?"

"साधं. राखी-तपकिरी. ठिपके जवळजवळ नाहीत."

"जवळजवळ म्हणजे?"

"नाहीत."

"पोट?"

"छाती तपकिरी, खाली स्वच्छ पांढरं."

"पाय?"

"जाड. पांढरे. लोकरीचे मोजे घातल्यासारखे."

नानांनी चष्मा काढून पुसला. वहीचं नवं पान उघडलं. "आवाज?" नाही. "पीस? गोळी?" खाली शोधलं, काही नव्हतं. त्यांनी मी सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द लिहिलं आणि शेजारी लाल पेनाने रिजेक्ट लिहिलं. माझा संताप झाला. संतापले की मी दोंडाईच्यावर जाते. "मन्हा डोया का आंधया शेतस, नाना?" ते शांतपणे म्हणाले, "डोळे बरोबर आहेत. पुरावा एकच आहे."

ते माझ्याबरोबर तीनदा तिथे आले. तीनही वेळा शेजारच्या महूवर साध्या पिंगळ्याची जोडी बसलेली, डोक्यावर ठसठशीत ठिपके. नानांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी ती परत केली आणि म्हटलं, मी पाहिला तो हा नव्हे.

पुढच्या महिन्यात त्या झाडांवर तोडणीचे आकडे पडले. केळीच्या मोठ्या गाड्या पाड्यापर्यंत जाव्यात म्हणून रस्ता रुंद होणार होता. त्या कामावरचे साहेब भले होते. फाईलला पक्ष्यांची यादी जोडायची म्हणून ते स्वतः नानांकडे आले. म्हणाले, "काही दुर्मिळ असेल तर सांगा. नाल्याच्या पलीकडून रस्ता नेता येतो. पण कागद पाहिजे." मी मधेच माझं सलईचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, नानांची सही असली की माझ्याकडून हरकत नाही."

यादी दोन दिवस टेबलावर पडून होती. मी नानांना म्हटलं, नाव लिहू नका, नुसतं शंका म्हणून लिहा. ते म्हणाले, शंकेचा रकाना नाही. अक्कांनी पोळी वाढता वाढता म्हटलं, "लिव्हून टाका ना. काबरं इतकं अडून बसता? पोरीनं पाह्यलं ना?" नाना उठून बाहेर गेले.

सही करायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पेन हातात होतं. "सिस्टर, शेवटचं विचारतो. त्या दिवशी आवाज ऐकला होता? एकदा तरी? नीट आठवा. दोन पुरावे झाले तर मी यादीखाली शंका म्हणून लिहीन." तीन पुराव्यांशिवाय नाव न लिहिणारा माणूस दोनावर आला होता. मला एवढंच म्हणावं लागणार होतं की हो, शीळ घातल्यासारखा आवाज आला. तो आवाज कसा असतो हे मला त्यांच्याच तोंडून पाठ झालेलं होतं.

मी म्हटलं, "नाही ऐकला."

त्यांनी सही केली. यादीत पिंगळा, दोन नग, एवढंच होतं.

झाडं मार्चच्या शेवटाला पडली. पुढच्या लसीकरणाला गेले तेव्हा रांगेच्या जागी लाकडाच्या थप्प्या होत्या आणि भुशाचा वास. सलईचं खोड आडवं पडलं होतं, मधली ढोली फाटून उघडी झालेली. आणि थप्पीच्या वरच्या ओंडक्यावर, सकाळी दहा वाजता, तो बसला होता. मी लस देऊन येईपर्यंत तिथेच होता. मी गावात परत आले, नानांना काही न सांगता स्कूटीवर बसवलं आणि घेऊन गेले.

तो अजून तिथेच होता. कामगार जेवायला सावलीला गेलेले. नाना थप्पीपासून वीस पावलांवर उभे राहिले. दुर्बीण गळ्यात होती, पण त्यांनी ती वर केली नाही, इतका तो जवळ होता. साधं डोकं, पांढरं पोट, ते जाड पाय. त्याने शेपटी हलवली आणि मग शीळ घातली. दोन सुरांची, मऊ, पुन्हा पुन्हा. नाल्यापलीकडून उत्तर आलं नाही. नाना फुटलेल्या ढोलीपाशी वाकले आणि तिथून एक आखूड पट्ट्यांचं पीस उचललं. अंड्यांची टरफलं होती, ती त्यांनी तशीच राहू दिली.

"तिन्ही आले," ते म्हणाले. इतकी वर्षं ज्याच्यामागे हिंडले तो पक्षी त्यांना असा दिसला. मला रडू आलं. ते रडले नाहीत. उन्हात तसेच उभे राहिले आणि शेवटी मीच त्यांचा हात धरून त्यांना स्कूटीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या नावे पत्र लिहिलं. माझी नोंद चुकली. सिस्टरने पाहिलं होतं ते बरोबर होतं. बरा नग मी रिजेक्ट केला. ते द्यायला आम्ही कचेरीत गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "नाना, झाडं तर गेली. आता कशाला स्वतःला लावून घेता?" नानांनी पत्रावर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. घरी येताना म्हणाले, "कारखान्यात नग टाकून दिला तर परत ओतता यायचा. ही सवय मी झाडाला लावली."

मला वाटलं, आता बोलायलाच हवं. मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी हो म्हणाले असते तर झाड वाचलं असतं. एक शब्द खोटा बोलायचा होता."

ते म्हणाले, "मला तेच पाहिजे होतं. तुम्ही खोटं बोलावं म्हणूनच मी विचारलं होतं. स्वतः शंका लिहायची हिंमत नव्हती, तर ते तुमच्या तोंडून काढायला बघत होतो. तुम्ही खरं बोललात. तुमचं काही चुकलं नाही, सिस्टर." मी त्यांना इतकं तुटलेलं कधी पाहिलं नव्हतं. घर आलं तरी ते स्कूटीवरून उतरेनात, अक्का बाहेर आल्या तेव्हा उतरले.

त्यानंतर नाना बदलले असं मी म्हणणार नाही. गवारीच्या शेंगा तपासणं चालूच होतं. पण कुणी म्हटलं की अमक्या झाडावर काही तरी दिसलं, तर ते काय दिसलं ते न विचारता चप्पल घालायचे. एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून चार मैल चालत गेले, तर कोंबडी निघाली. परत आले, पाणी प्यायले आणि कुणाला रागावले नाहीत.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्याचा वरचा टप्पा निघाला. साहेब पुन्हा यादी घेऊन आले. नानांनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर सरकवला. "सही ह्यांची."

साहेब हसले. "नाना, सिस्टर दवाखान्याच्या."

"मागच्या वेळी त्यांनी पाहिलं होतं," नाना म्हणाले, "मी नव्हतं पाहिलं."

मी दोन दिवस तो टप्पा चालून आले. साळुंक्या, भारद्वाज, साधा पिंगळा. रानपिंगळा मला कुठेही दिसला नाही. पण पाड्यावरची एक म्हातारी, जिच्या नातवाला मी लस दिली होती, म्हणाली की विहिरीजवळच्या पोकळ अंजनातून दिवसाउजेडी कुणी तरी शीळ घालतं. तिने कधी काही पाहिलं नव्हतं. मीही तिथे तासभर बसले आणि काही ऐकलं नाही. पीस नाही, गोळी नाही. एका म्हातारीचं सांगणं, बस.

मी ओट्यावर बसून यादी लिहिली आणि शेवटी लिहिलं: विहिरीजवळचं अंजन, रानपिंगळा असल्याची शंका, झाड सोडावं. नाना शेजारी बसून वाचत होते. त्या ओळीवर त्यांची नजर थांबली. त्यांचा हात कागदाकडे आला, अगदी जवळ, बोटं टेकायला आली. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. मी सही करेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढला नाही.

नाना गेले, त्याला आता वर्ष होईल. त्या अंजनाला वळसा घालून रस्ता गेला आहे, आणि केळीच्या गाड्या तिथे वेग कमी करतात. आठवड्यातून दोनदा मी तिथून जाते. स्कूटी बंद करते, उतरते, झाडाखाली उभी राहून ऐकते. अजून मला काही ऐकू आलेलं नाही.